हिशेब रोज मागायचा असतो!

अकोल्याचे जुने शहर मोर्णेच्या पश्चिम तीरावर आहे. इंग्रजांच्या अमदानीत कचेऱ्या आणि साहेबांचे बंगले पूर्वेला ताजनापेठेकडे गेले. राबणारी माणसे, असदगड किल्ला आणि दाटीवाटीची वस्ती पश्चिमेलाच राहिली. इंग्रज गेले, राज्ये बदलली, १ ऑक्टोबर २००१ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पण अर्ज घेऊन पूल ओलांडायचा तो जुन्या शहराच्या माणसानेच. कचेरी काही त्याच्याकडे चालत आली नाही.

गेल्या काही वर्षांत या वस्तीच्या वाट्याला काय आले ते पाहा. २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकरांनी नदीत उतरून जलकुंभी काढली. पंतप्रधानांनी रेडिओवरून त्यांचे कौतुक केले. नदी साफ करणाऱ्यांचे कौतुक झाले, पण नदीत सांडपाणी सोडणाऱ्या व्यवस्थेला जाब कोणी विचारला नाही. २०२१ च्या जुलैत मोर्णेला पूर आला आणि काठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. मे २०२३ मध्ये जुन्या शहरात दंगल झाली, तेव्हा कोठे राज्यातील वर्तमानपत्रांना या भागाची आठवण झाली. गटार तुंबले म्हणून जुने शहर कधी पहिल्या पानावर आले नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचे निधन झाले. पोटनिवडणूक जाहीर झाली, परंतु विधानसभेची उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असल्याने मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. न्यायालयाचा निर्णय कायद्याला धरून असेल, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण परिणाम काय झाला? नोव्हेंबर २०२४ पर्यंत जुन्या शहराला ना नगरसेवक होता ना आमदार. महापालिकेची निवडणूक तर जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळपास चार वर्षे अंदाजपत्रक मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. कर मात्र पूर्वीसारखाच वसूल होत होता. प्रतिनिधित्वावाचून कर नको म्हणून जगात क्रांत्या झाल्या. आमच्याकडे साधी कुरकुरही झाली नाही, हे आम्ही कोणाला सांगावे?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला, तेव्हा संसदीय पद्धत का निवडली याचे कारण त्यांनी स्पष्ट केले होते. स्थैर्य आणि जबाबदारी या दोहोंपैकी मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, असे त्यांनी सांगितले. जबाबदारीची तपासणी दोन प्रकारे होते. एक मतदार ठराविक काळाने निवडणुकीत करतात. दुसरी सभागृहाचे सदस्य दररोज करतात. प्रश्न विचारून, ठराव मांडून, तहकुबी सूचना देऊन, अविश्वासाचा ठराव आणून. आणि ही रोजची तपासणी जास्त परिणामकारक व भारतासारख्या देशाला जास्त गरजेची आहे, असे त्यांचे मत होते. सत्तेवर ज्यांची पकड नाही, ज्यांच्या हाती जमीन नाही, कारखाना नाही, त्यांनी पाच वर्षे थांबायचे म्हणजे उपाशी थांबायचे. म्हणून हिशेब रोज मागता आला पाहिजे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. जुन्या शहरात तर दोन्ही तपासण्या एकाच वेळी बंद पडल्या.

हे केवळ एका वस्तीचे दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. संबंध वऱ्हाडाच्या विकासाची हीच कथा आहे. ८ ऑगस्ट १९४७ रोजी याच अकोल्यात पश्चिम महाराष्ट्राच्या आणि महाविदर्भाच्या पुढाऱ्यांनी करार केला. एका प्रांतात दोन उपप्रांत असतील, त्यांचे कायदेमंडळ आणि मंत्रिमंडळ वेगळे असेल, असे त्यात ठरले होते. तो कागदावरच राहिला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी मिळेल, मराठवाड्याकडे खास लक्ष दिले जाईल आणि त्याबाबतचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल, असे वचन त्यात होते. वाचकांनी हे शेवटचे वचन नीट ध्यानात घ्यावे. पैसा किती देणार हे पुढारी नेहमीच मोठ्या आवाजात सांगतात. हिशेब केव्हा देणार हे मात्र बारीक अक्षरात असते.

१९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने हे वचन कलम ३७१(२) मध्ये आले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याची तरतूद झाली आणि त्या मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याचे बंधन आले. प्रत्यक्षात मंडळे केव्हा आली? १९९४ साली, म्हणजे अडतीस वर्षांनी. दरम्यान १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये ठरवला आणि त्यातील सुमारे ३९ टक्के विदर्भाचा निघाला. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीची स्थिती मोजली, तेव्हा तो आकडा १४ हजार कोटींवर गेला. विदर्भाचा वाटा ६,६२४ कोटी झाला. दहा वर्षे अनुशेष दूर करण्याच्या घोषणा झाल्या आणि दहा वर्षांनी अनुशेष चौपटीहून मोठा झाला!

३० एप्रिल २०२० रोजी या मंडळांची मुदत संपली. तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने ती वाढवली नाही. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सभागृहातच मंडळांचा प्रश्न राज्यपाल नियुक्त बारा आमदारांच्या नावांशी जोडला. राज्यपालांनी नावे अडवली, म्हणून सरकारने मंडळे अडवली. दोघांच्या भांडणात वऱ्हाड आणि मराठवाडा ओलीस! सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या सरकारच्या मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्गठनाची शिफारस करण्याचे ठरवले. शिफारशीने पाटाला पाणी येत नसते. मंडळांना फार अधिकार होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या काळातही अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या चार जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष हटला नाही. पण वर्षातून एकदा कागद सभागृहाच्या टेबलावर येत होता आणि त्यावर बोट ठेवता येत होते. तो कागदही गेला.

कागद नसला, प्रश्न नसला म्हणजे काय होते ते विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाने दाखवून दिले आहे. हे महामंडळ १९९७ साली कायद्याने आले. २००९ मध्ये अवघ्या काही महिन्यांत ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेली गेली. वीस हजार कोटींची वाढ! सभागृहात एखाद्या गावाच्या पाझर तलावासाठी आमदार घसा कोरडा करतो आणि येथे वीस हजार कोटी फायलींतून सरकतात. लोकांना ते कळले वर्तमानपत्रांतून आणि न्यायालयातील याचिकांतून. २०१२ मध्ये राजीनामा झाला, श्वेतपत्रिका आली, चितळे समिती नेमली गेली, राजीनामा देणारे त्याच डिसेंबरात परतही आले. २०१९ च्या अखेरीस लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने त्यांना न्यायालयात निर्दोष ठरवले. कोण दोषी, कोण निर्दोष याचा निवाडा करणारे आम्ही नव्हे. आमचा प्रश्न साधा आहे. किमती वाढत होत्या तेव्हा सभागृह काय करीत होते?

या आकड्यांच्या तळाशी माणूस आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावे खारपाणपट्ट्यात येतात. जमिनीखालचे पाणी खारे. ते पिकाला चालत नाही आणि माणसाने प्यायले तर मूत्रपिंडाला बाधते. विहीर खोदून येथे भागत नाही. धरणाचे पाणी आणावेच लागते. बाळापूर भागातील ६९ गावांच्या योजनेसाठी वान धरणाचे पाणी ठरले आणि त्यावर स्थगिती आली. अकोट-तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांना आपले सिंचन जाईल ही भीती, बाळापूरच्या गावांना प्यायला गोड पाणी नाही. दोघांची गरज खरी आहे. हा वाद आकडे समोर ठेवून सभागृहात सुटायला हवा होता. एप्रिल २०२३ मध्ये आमदार नितीन देशमुख यांना खारे पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरपर्यंत पायी निघावे लागले आणि नागपुरात पोलिसांनी त्यांना अडवले. निवडून आलेल्या आमदारालाच रस्त्यावर उतरावे लागत असेल, तर भूमिहीन मजुराने कोठे जावे?

आणि तो भूमिहीन मजूर कोणत्या समाजाचा असतो, हे आमच्या वाचकाला सांगायला नको. सिंचनाचा अनुशेष हेक्टरात मोजतात. ज्याच्याकडे हेक्टर नाही त्याचा अनुशेष कोणत्या रकान्यात? २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचे पॅकेज दिले. व्याजमाफी मिळाली ती कर्जदार शेतकऱ्याला. शेतात राबणाऱ्याला सावकाराने माफी दिली नाही. विभागाच्या अनुशेषाच्या पोटात वस्तीचा अनुशेष असतो आणि तो मोजायला आजवर कोणतीही समिती बसली नाही. जे हक्काचे म्हणून बाजूला काढले जाते तेही सुरक्षित नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. बहिणींना पैसे मिळू नयेत असे कोण म्हणेल? पण ते अनुसूचित जातींच्या वसतिगृहातील मुलीच्या ताटातून का? आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये उपयोजनेसाठी कायदे केले. महाराष्ट्र शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेतो आणि कायदा मात्र करीत नाही.

विधिमंडळाकडे साधने नाहीत असे नाही. लोकलेखा समिती आहे, अंदाज समिती आहे, आश्वासन समिती आहे, अनुसूचित जाती कल्याण समिती आहे. महालेखापरीक्षक हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असे बाबासाहेब १९४९ मध्ये म्हणाले होते. पण त्याचा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी टेबलावर येतो आणि चर्चेआधीच सभागृह उठते. समित्यांच्या दौऱ्यांचा लौकिक काय आहे? मे २०२५ मध्ये अंदाज समितीच्या धुळे दौऱ्याच्या वेळी शासकीय विश्रामगृहाच्या खोलीत १ कोटी ८४ लाख रुपये सापडले. समितीच्या अध्यक्षांनी आरोप नाकारला. चौकशीत जे निघायचे ते निघो. तपासायला आलेल्यांनाच तपासावे लागते, यातच सर्व आले. डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन एका आठवड्यात गुंडाळले गेले. पुरवण्या मागण्या ७५ हजार कोटींच्या वर आणि दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नाही. नागपूर कराराचे पालन म्हणतात ते हेच काय?

काही जण म्हणतील, विदर्भाचा मुख्यमंत्री झाला की सारे ठीक होईल. कन्नमवार झाले, अकरा वर्षांहून अधिक काळ वसंतराव नाईक झाले, सुधाकरराव नाईक झाले, २०१४ पासून पाच वर्षे आणि पुन्हा डिसेंबर २०२४ पासून देवेंद्र फडणवीस. खुर्चीवर आपल्या भागाचा माणूस बसला म्हणून अनुशेष भरत नाही. खुर्चीला प्रश्न विचारणारा माणूस लागतो. तसाच आपल्या जातीचा आमदार झाला म्हणून वस्तीत नळ येत नाही. राखीव जागेवरून निवडून गेलेल्यांनी उपयोजनेच्या निधीबद्दल किती तारांकित प्रश्न विचारले, हे आपणही कधी मोजले आहे काय? दोष त्यांचा आहेच, पण मत देऊन घरी बसणाऱ्या आपलाही आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. विकास मंडळे पुन्हा गठित करा आणि २०२० पासूनच्या वर्षांत कोणत्या जिल्ह्याला किती निधी दिला, किती खर्चला, किती वळवला, याचा अहवाल विधानसभेपुढे ठेवा. त्यात अनुसूचित जातींच्या वस्त्यांचा वेगळा रकाना असू द्या. अनुसूचित जाती उपयोजनेचा कायदा करा आणि निधी वळवण्यावर बंदी घाला. महालेखापरीक्षकाच्या अहवालावर चर्चेसाठी प्रत्येक अधिवेशनात दिवस राखून ठेवा. आमदाराची जागा रिकामी राहिली किंवा महापालिकेवर प्रशासक आला, तर अंदाजपत्रक प्रभागात जाहीर वाचून दाखवणे बंधनकारक करा.

आणि सरकार हे करीपर्यंत आपण काय करणार? माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या वस्तीच्या नावे किती पैसा आला, हे विचारता येते. जयंतीची वर्गणी गोळा करणारी मंडळे प्रत्येक वॉर्डात आहेत. त्यांतील दोन मुलांनी वर्षभर फक्त कागद मागवण्याचे काम घ्यावे. मिळालेली उत्तरे बुद्धविहाराच्या फळ्यावर लावावीत. तीच घेऊन नव्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे जावे आणि हा प्रश्न सभागृहात केव्हा मांडता, ती तारीख लिहून घ्यावी. तारीख चुकली तर पुन्हा जावे.

जुन्या शहराने आजवर अर्ज घेऊन मोर्णेचा पूल पुष्कळदा ओलांडला. आता हिशेबाची वही घेऊन ओलांडावा.