गोळी लपवायची नसते, उपवासही लपवायचा नसतो



मागच्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या तिसऱ्या दिवशी, मी जपाला बसल्या बसल्या कलंडले. लागोपाठ तिसरा निर्जल उपवास होता. सुनेने बोटाला सुई टोचून साखर मोजली, 148 आली. "आई, साखर तर छान आहे," ती म्हणाली आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र मळमळत होतं, धाप लागत होती. मुलाने माझं काही न ऐकता भूमहून धाराशिवला नेलं. तिथे रक्त-लघवी तपासली, तर कीटोन वाढलेले. दोन दिवस सलाईनवर होते.

दोष कोणाचा? माझाच. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मला नवी गोळी सुरू केली होती, एम्पाग्लिफ्लोझिन. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "उपवास करता का?" मी म्हणाले, "एखादा." त्यांच्याशी खोटं बोलले आणि मंदिरातल्या बायकांना मधुमेह आहे हेच सांगितलं नव्हतं. दोन्हीकडे लपवाछपवी!

गोळी वाईट नाही, हे आधी स्पष्ट सांगते. रक्तातली जादा साखर ती मूत्रपिंडावाटे लघवीत सोडून देते. ज्यांना मधुमेहासोबत हृदयविकार आहे, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू या गोळीने कमी झाले, हे 2015 च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. पूर्वी एक गोळी साधारण 60 रुपयांना पडायची. 11 मार्च 2025 ला पेटंट संपलं, इतर कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि काहींची किंमत दहा-अकरा रुपयांवर उतरली. मी बी.कॉम. बाई, घरखर्चाची वही आजही लिहिते. महिन्याचे अठराशे कुठे आणि तीन-साडेतीनशे कुठे! म्हणून तर ही गोळी आता आपल्या घराघरांत पोचते आहे, आणि म्हणूनच हे लिहिणं भाग आहे.

ग्लिमेपिराइडसारखी जुनी गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, लगेच कळतं. नव्या गोळीचा धोका फसवा आहे. पोटात अन्न नाही, पाणी नाही, आणि लघवीवाटे साखर जातेच आहे. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल वाढतं. मीटरवर आकडा मात्र बरा दिसतो! मला वाटलं होतं, उपवासाच्या दिवशी गोळी घेतली नाही म्हणजे झालं. पण तिचा परिणाम एका दिवसात ओसरत नाही. ऑपरेशनच्या आधीसुद्धा ती निदान तीन दिवस बंद ठेवतात.

आता माझं भांडण. मंदिरात टाळ्या वाजवून उपवास मोजणाऱ्यांनो, कधी एका तरी बाईला विचारलंत का, "तुला कुठली गोळी चालू आहे?" दहा उपवासांना शाल-श्रीफळ, आणि प्रकृतीमुळे एकासन करणारीला "एवढंच?" मग बाई आजार लपवणार नाही तर काय करणार?

कोणी म्हणेल, आपल्याच जिल्ह्यात, कुंथलगिरीवर, आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये सल्लेखना घेतली, आणि तुम्ही तीन उपवासांना घाबरता? बायांनो, ती समाजासमोर, पूर्ण विचाराने घेतलेली होती. डॉक्टरशी खोटं बोलून केलेल्या माझ्या उपवासाला त्या पंक्तीत बसवू नका. सोळाकारण भावनांमध्ये त्याग आणि तप या दोन्हींना 'शक्तीनुसार' अशी अट घातलेली आहे. बारा तपांमध्ये अनशन हे एकच तप आहे. अवमौदर्य आहे, रसपरित्याग आहे, स्वाध्याय आहे. मधुमेही बाईने कुंथलगिरीचा पेढा समोर असताना वर्षभर हात आवरला, तर तो रसपरित्याग नाही का? आणि सत्य हेही दहा धर्मांपैकीच एक. ते मोडून मी उपवास करत होते!

डॉक्टरांनाही एक विनंती. "एखादा" या उत्तरावर थांबू नका. सूर्यास्तानंतर पाणी पिता का, पर्वात किती दिवस निर्जल राहता, हे नेमकं विचारा. ही गोळी घेणाऱ्या चौविहार पाळणाऱ्या बाईने दिवसा किती पाणी प्यावं, हे तिला कोणीतरी सांगायला हवं. खाज किंवा जळजळ झाली तर लाजू नये, या गोळीने बुरशीचा संसर्ग होतो आणि तो बराही होतो, हेसुद्धा सांगा.

भाद्रपदाच्या महिनाभर आधी चिठ्ठीवर सगळे नेम लिहून डॉक्टरांकडे जा. गोळी कधी थांबवायची, परत कधी सुरू करायची, हे त्यांनाच ठरवू द्या. मनाने काही बंद करू नका. उपवासात मळमळ, पोटदुखी, धाप असं काही झालं, तर मीटरवर विश्वासून बसू नका, दवाखाना गाठा.

माझी गोळी परत सुरू आहे. यंदा दहा दिवस एकासन करणार आहे, तेही डॉक्टरांना विचारून. मंदिरात कोणी "एवढंच?" म्हणालं, तर हाच लेख वाचून दाखवीन.

जय जिनेंद्र!