बंदर आपले, पाखरे कोणाची?

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले आणि काही दिवस बंदराचे दळणवळण ठप्प झाले. व्यापाराचा खोळंबा किती झाला, याचा हिशेब या शहराने तत्काळ मांडला. कोळी बांधवांच्या हालांचीही थोडीबहुत चर्चा झाली. खाडीतल्या पाखरांची चिंता करण्याची फारशी पाळी आली नाही. मात्र त्याचे श्रेय कोणत्याही सरकारी खात्याला नसून केवळ पंचांगाला आहे. ऑगस्टात शिवडीचा आणि ठाणे खाडीचा चिखल रोहित पक्ष्यांवाचून बहुतांशी ओस असतो. हीच टक्कर फेब्रुवारीत झाली असती तर?

हा प्रश्न काल्पनिक म्हणून उडवून लावता येणार नाही. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज साडेतीनशे टनांहून अधिक इंधनतेल पोटात घेऊन कोचीनजीक बुडाले, ते याच अरबी समुद्रात.

तेलाने पक्षी विषबाधा होऊन मरतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. पिसांचे सूक्ष्म तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून पाणी कातडीपर्यंत पोचत नाही आणि अंगाची ऊब टिकते. तेलाचा पातळसा थरही ही वीण मोडतो. पक्षी भिजतो, गारठतो, त्याला तरंगता येत नाही. आणि पिसे साफ करण्यासाठी तो चोच फिरवू लागला की तेल पोटात जाते. स्वच्छतेची उपजत बुद्धीच त्याच्या जिवावर उठते! १९८९ साली अलास्कात ‘एक्झॉन वाल्डेझ’मधून सांडलेल्या तेलाने सुमारे अडीच लाख समुद्रपक्षी मेले असावेत, असा अंदाज आहे.

अशा संकटापुढे माणूस अगदीच हतबल असतो काय? दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनने याचे उत्तर दिले आहे. १९९४ च्या जून महिन्यात ‘अपोलो सी’ बुडाले तेव्हा तेथे सुमारे १०,००० पेंग्विन तेलाने माखले आणि त्यांतले जेमतेम निम्मे वाचले. कोंदट वाहनांतून नेतानाच बरेच दगावले. सहा वर्षांनी, २३ जून २००० रोजी, रॉबेन आणि डासेन या बेटांच्या मधोमध ‘ट्रेझर’ बुडाले. या वेळी माखलेले पेंग्विन सुमारे १९,००० होते. रेल्वेची एक मोठी वखार ताब्यात घेण्यात आली, हजारो स्वयंसेवक पाळीपाळीने पाखरे धूत आणि त्यांना मासे भरवीत राहिले. तेल न लागलेले आणखी १९,५०० पेंग्विन पकडून ८०० ते ९०० किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथजवळ सोडले गेले. ते पोहत घरी परतेपर्यंत समुद्र साफ करायला अवधी मिळावा, एवढाच हेतू. युक्ती फळली. माखलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाचले. १९९४ साली भूतदया कमी होती असे नव्हे. पण त्या वेळच्या चुकांतून घेतलेला धडा, सराव आणि १९६८ पासून तेथे उभी असलेली पक्षिसंस्था, यांनी हा फरक घडविला.

आता मुंबईकडे वळू. रोहित म्हणजे पेंग्विन नव्हे. त्याला पेटीत घालून ट्रकमध्ये चढविणे तितके सोपे नाही. त्याचे लांब, नाजूक पाय धरपकडीतच मोडू शकतात. येथे पाखरे धुण्यापेक्षा तेल खाडीत शिरू न देणे, हाच खरा उपाय होय. एकदा ते तिवरांच्या श्वासमुळांवर बसले की खरवडून निघत नाही. शिवाय उथळ पाण्यात तेल विरघळविणारी रसायने फवारण्याचा मोह आवरला पाहिजे. १९६७ मध्ये ‘टॉरी कॅनियन’ जहाजाच्या तेलावर इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर ती सढळ हाताने ओतली गेली, आणि खडकांवरचे जीव तेलाहून त्या औषधानेच अधिक मेले.

माणसांची दुःखे थोडी आहेत काय, की पाखरांसाठी तरतूद करावी, असे विचारणारे भेटतील. ज्या चिखलात रोहित चरतो, त्याच चिखलावर कोळंबी, चिंबोरी आणि मासळीची पिले पोसतात. पाखराचे आणि कोळ्याचे ताट येथे एकच आहे.

कायद्यावर विसंबणे तर भाबडेपणाचे ठरेल. तेलवाहू जहाजांपुरता असलेला १९९२ चा आंतरराष्ट्रीय करार, ज्यात भारतही सामील आहे, पर्यावरणाच्या हानीबद्दल फक्त वाजवी पुनर्स्थापनेच्या खर्चाची भरपाई देतो; मेलेल्या पाखराची किंमत कोणी मोजत नाही. ज्याने काही केलेच नाही, तो मागणार काय?

भरसमुद्रात तटरक्षक दल, बंदराच्या हद्दीत बंदर प्राधिकरण आणि किनाऱ्यावर राज्य शासन, अशी आपल्याकडे जबाबदारीची वाटणी आहे. पाखराला या हद्दी कळत नाहीत. ठाणे खाडी २०१५ पासून रोहितांचे अभयारण्य आहे, २०२२ पासून तिला रामसर स्थळाचा मानही मिळाला आहे. तेव्हा खाडीच्या मुखाशी तरंगते अडसर किती तासांत लागतील, ते कोण लावील, माखलेली पाखरे कोणत्या जागी नेतील आणि त्यांना हाताळण्याचे शिक्षण कोणाला दिले आहे, हे या तिन्ही यंत्रणांनी मिळून नावानिशी जाहीर करावे. रोहितांचे थवे साधारण नोव्हेंबरात उतरू लागतात. त्याआधी या अडसरांची एक तरी रंगीत तालीम खाडीत झाली पाहिजे.