दिव्यांगत्वाचा दाखला: एक टक्का चुकला तर?

तुमच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर ४० ऐवजी ३९ टक्के लागले, तर सरकारी नोकरीतले आरक्षण हातचे जाते. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. मोजमापाचे निकष मार्च २०२४ मध्ये पुन्हा बदलले. आम्हा डॉक्टरांना मात्र आजार ओळखून उपचार करायला शिकवतात; टक्के काढायला फारसे कोणी शिकवत नाही. म्हणून अर्ज अडतात, तुमच्या फेऱ्या वाढतात. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना नव्या निकषांचे नियमित प्रशिक्षण मिळायलाच हवे.

तोवर तुम्ही जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. प्रमाणपत्र मिळताच नाव, टक्केवारी आणि ‘कायमस्वरूपी’ की ‘तात्पुरते’ ही नोंद तपासा. निर्णय पटला नाही, तर कायद्यानुसार अपील करता येते.