रायगडाचा निवाडा

5 जुलै 2025 रोजी वरळीच्या सभेत उद्धव व राज ठाकरे हे चुलत बंधू जवळजवळ दोन दशकांनी एका व्यासपीठावर आले, तेव्हा भाऊबंदकी मिटल्याचा आनंद अनेकांस झाला. परंतु घरच्या गादीच्या वादात न्याय कशास म्हणावा, हा प्रश्न गळाभेटीने सुटत नाही. त्याचा निवाडा महाडजवळच्या रायगडावर दोनदा झाला आहे.

3 एप्रिल 1680 रोजी शिवछत्रपती निवर्तले. थोरले संभाजीराजे पन्हाळ्यावर असता, त्यांच्या पाठीमागे काही मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामांस मंचकी बसविले. सोयराबाईंचे बंधू हंबीरराव मोहिते यांनीही सख्ख्या भाच्याचा पक्ष न घेता संभाजीराजांचा घेतला. कट फसला, पण त्यात माणसे गेली.

1689 मध्ये संभाजीराजे मोगलांच्या हाती सापडताच त्याच गडावर त्याच राजारामांस पुन्हा मंचकी बसविण्यात आले. या वेळी संमती होती येसूबाईंची. बाल शाहूचा हक्क त्यांनी आपण होऊन मागे ठेवला. पुढे गड पडला आणि मायलेकांच्या वाट्यास दीर्घ कैद आली.

व्यक्ती तीच, गादी तीच. मग एक निर्णय अन्याय्य आणि दुसरा न्याय्य का? पहिल्यात ज्याचे जावयाचे त्यास विचारले नाही; दुसऱ्यात त्याच पक्षाने होकार दिला.

आजचे राजकीय पक्ष कोणा घराण्याचे वतन नव्हेत. तेथे ज्याचे जावयाचे तो कार्यकर्ता. त्यास न विचारता भावाभावांत झालेली वाटणी वा समेट, दोन्ही आम्हांस सारखेच अन्याय्य वाटतात.