आराखड्याच्या कोपऱ्यातील चौकट

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीकडे पूर्वी काम येई ते कागदावर. आराखड्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असे. भागाचे नाव, मापाचे एकक, दिनांक, सुधारणेचा क्रमांक आणि तपासणाऱ्याची सही तीत नोंदलेली असे. जाणता मिस्त्री आधी ती चौकट वाची, मग चित्राकडे वळे. आता तेच काम ई-मेलने येते. फाईल उघडली की भाग पडद्यावर गरगर फिरू लागतो, आणि तो इतका देखणा दिसतो की चौकटीची आठवणच कोणास राहत नाही.

ती चौकट नाहीशी झालेली नाही. ती फाईलच्या पोटात गेली आहे. कारखान्यांमध्ये सर्रास येणारी ‘स्टेप’ फाईल ही मुळात साधा मजकूर असते. कॅडच्या प्रणालीत घेण्यापूर्वी ती नोटपॅडमध्ये उघडावी. पहिल्या ओळीत आयएसओ १०३०३-२१ हा मानकाचा क्रमांक दिसतो. त्याखाली ‘हेडर’ विभागात फाईलचे मूळ नाव, दिनांक व वेळ, कर्त्याचे आणि संस्थेचे नाव, ती कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीतून निघाली, हे क्रमाने येते. एकक मात्र येथे नसते. ते पुढे ‘डेटा’ विभागात शोधावे लागते; मिलिमीटर असेल तर ‘मिलि’ व ‘मीटर’ हे शब्द शेजारी शेजारी सापडतात, इंच असेल तर ‘इंच’. सारे मिळून पाच मिनिटांचेही काम नाही.

आवृत्तीची नोंद क्षुल्लक वाटते, पण एअरबसच्या ए-३८० या महाकाय विमानाचा इतिहास पाहावा. हॅम्बुर्ग व तुलूज येथील अभियंते कॅटिया या एकाच प्रणालीच्या दोन भिन्न आवृत्त्या वापरीत होते. परिणामी जर्मनीत तयार झालेले तारांचे जुडगे फ्रान्समध्ये विमानात नीट बसेनात. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तार होती! विमाने ग्राहकांच्या हाती पडण्यास सुमारे दोन वर्षांचा विलंब झाला आणि २००६ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदे सोडावी लागली.

त्रिमितीय छपाईसाठी वापरली जाणारी ‘एसटीएल’ फाईल याहून अवघड. तीत केवळ त्रिकोणांचे आकडे असतात, एककाची जागाच नसते. १०० हा आकडा मिलिमीटरचा की इंचाचा, हे ती सांगूच शकत नाही. इंचाचे काम मिलिमीटर समजून घेतले तर लांबी २५.४ पट घटते आणि वजन सुमारे सोळा हजार पट. एवढी मोठी चूक मात्र कोणाच्याही नजरेस तत्काळ पडते आणि म्हणूनच ती फारशी महागात पडत नाही.

महागात पडते ती लहान चूक. ओतलेले बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकुंचन पावते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. आलेल्या मॉडेलमध्ये ही वाढ आधीच धरली आहे काय, हे पडद्यावरील चित्रावरून उमगत नाही. ५०० मिलिमीटरचा भाग ग्राहकाने ५०५ करून पाठविला आणि पॅटर्नकाराने पुन्हा एक टक्का वाढविला, तर ओतीव पाच मिलिमीटर मोठी निघते. यंत्रावर बसविल्यावर ती चूक कळते. तोवर पॅटर्नचा खर्च झालेला असतो, कदाचित शेकडो नगही ओतून झालेले असतात. छोट्या कारखानदाराचे वर्षाचे गणित अशा एका मागणीने कोलमडू शकते. ही वाढ नोंदविण्यासाठी स्टेपच्या हेडरमध्ये ठरलेली जागा नाही. फार तर फाईलच्या नावात किंवा वर्णनाच्या ओळीत कोणी दोन शब्द लिहिलेले असतात, पण पुष्कळदा तेही नसतात.

हेडरवर आंधळा विश्वासही ठेवू नये. त्यातील दिनांक बहुधा फाईल निर्यात केल्याचा असतो, आराखडा संमत झाल्याचा नव्हे. जुनीच सुधारणा आज निर्यात केली तर दिनांक आजचाच पडतो. कर्त्याची जागा अनेकदा रिकामी असते, आणि मजकूर साधा असल्याने तो कोणासही बदलता येतो. धनादेशावरील दिनांक, अक्षरी व अंकी रक्कम जुळली तरी बँक सही ताडून पाहतेच, तसेच हे. हेडरमधील नोंद खरेदी-आदेशावरील सुधारणेच्या क्रमांकाशी ताडून पाहावी.

तफावत आढळली अथवा जागा रिकामी दिसली, तर ग्राहकाला तीनच प्रश्न लेखी विचारावेत: एकक कोणते, सुधारणा कितवी, आकुंचनाची वाढ धरली आहे की नाही. दूरध्वनीवर मिळालेले उत्तर वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही. ई-मेलने आलेले उत्तर छापून मूळ फाईलच्या नावासह कामाच्या कागदपत्रांत लावावे आणि मगच पॅटर्नसाठी लाकूड कापावयास सांगावे.