दिवसाला फक्त १६ रुपये!

लॅपटॉप घेताना हा डायलॉग तुम्हालाही ऐकवला गेला असेल. कार्ड मशीनमध्ये सरकवलेलं असतं, फक्त पिन टाकायचा बाकी असतो आणि काउंटरवरचा दादा म्हणतो, "एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका ना मॅडम, दिवसाला एका चहाचेपण पैसे पडत नाहीत." आपल्याला घरच्यांचा चेहरा आठवतो. 'असू दे, नंतर टेन्शन नको' म्हणत आपण मान हलवतो. मीही हलवली आहे. पण स्वतःच्या लॅपटॉपला हो म्हणणं वेगळं आणि मामाला त्याच्या नव्या बोटीसाठी हो म्हणायला लावणं वेगळं. हे दुसरं काम मी केलंय, आणि ते अजून मनातून जात नाही.

मामा देवबागला राहतो. तारकर्लीच्या पुढे, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या टोकाला. आधी रापणीला जायचा, गेली काही वर्षं पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. जुनी लाकडी होडी थकली तेव्हा पतपेढीचं कर्ज काढून त्याने गेल्या नोव्हेंबरात फायबरची नवी बोट घेतली. इंजिनासकट साडेआठ लाख. 'शिकलेलं कोणीतरी सोबत असूक व्हया' म्हणून मला नेलं होतं. बोट चकाचक होती. निळा पट्टा, नव्या रंगाचा वास, आरशासारखा पृष्ठभाग. मी लगेच रीळ काढली.

सही करायच्या वेळी विक्रेत्याच्या माणसाने एक गुळगुळीत कागद पुढे केला. १८ हजार रुपये भरा, आणखी तीन वर्षं काळजी नको. "दिवसाला फक्त १६ रुपये पडतात, काका." मामाने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि मला म्हणाला, "अगो, कागद काय बोट तरंगवतलो?" सगळे हसले. मग मी सुरू झाले. रिस्क, मेंटेनन्स कॉस्ट, मनाची शांती वगैरे. मास कॉमचं शिक्षण असं वाया जातं बघा. शेवटी मामा म्हणाला, "तू म्हणतंस तर घेतंय." आणि त्याने १८ हजार भरले.

डिसेंबरच्या मध्यात बोटीच्या मागच्या फळीवर, म्हणजे जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं तिथे, बोल्टच्या खालून तपकिरी पाणी ओघळायला लागलं. चहासारखं. मामीने पुसलं, दुसऱ्या दिवशी परत आलं. शेजारचे एक आजोबा आले. आयुष्यभर होड्या बांधलेला माणूस. त्यांनी खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि फळीवर ठिकठिकाणी टकटक करत गेले. वर कडक 'टक' असा आवाज. बोल्टच्या आसपास ओला 'ढब'. ते एवढंच म्हणाले, "आतलां लाकूड भिजलां."

इथे थोडं तांत्रिक सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. फायबरची बोट म्हणजे नुसतं प्लास्टिक नाही. साचा असतो, त्याच्या आतून आधी जेलकोट नावाचा चकचकीत थर मारतात. त्यावर काचतंतूंची मॅट अंथरायची, रेझिन ओतायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची, मग पुढचा थर. जिथे ताकद हवी तिथे, उदाहरणार्थ मागच्या फळीत, मधे बऱ्याचदा प्लायवूड घालतात आणि दोन्हीकडून फायबरने झाकतात. छोट्या कारखान्यात हे सगळं हाताने होतं. हवेत दमट किती, रेझिनमध्ये हार्डनर किती पडला, रोलर फिरवणारा दमलाय का, शनिवारी संध्याकाळी घरी जायची घाई आहे का, यावर बोटीचं नशीब ठरतं. एकाच साच्यातून निघालेल्या दोन बोटी सख्ख्या बहिणी असतात, जुळ्या नाहीत. आणि गंमत अशी की जेलकोट सगळ्यात आधी लागतो पण आपल्याला सगळ्यात वर दिसतो. म्हणजे मी जिची रीळ काढली ती चकाकी होती, बोट नव्हती.

मामाच्या बोटीत काय झालं होतं? इंजिनाचे बोल्ट बसवायला भोकं पाडली आणि ती आतून नीट बुजवलीच नाहीत. शंभर-दोनशे रुपयांचं सीलंट आणि अर्ध्या तासाचं काम. तिथून खारं पाणी प्लायवूडमध्ये मुरत गेलं. नवी बोट घेतल्यावर तिच्यात दोष निघणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. ढिले स्क्रू, चुकीचं वायरिंग, न बुजवलेली भोकं हे बोटींच्या दुनियेत नेहमीचं दुखणं आहे. प्रश्न असतो की दुरुस्त कोण करणार आणि कधी.

'कधी' हा शब्द लक्षात ठेवा. मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात पर्यटनाच्या बोटी बंद असतात. उरलेल्या महिन्यांत नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा म्हणजे सोन्याचा. मी फोन लावला. बोट बनवणारा म्हणाला, इंजिन बसवणाऱ्याला विचारा. इंजिनवाला म्हणाला, आमचं इंजिन ठणठणीत आहे, फळी आमची नाही. मी अभिमानाने एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद काढला आणि पहिल्यांदा तो शेवटपर्यंत वाचला.

त्यात तीन गोष्टी होत्या. एक, ती वॉरंटी फक्त इंजिनाची होती, बोटीच्या अंगाशी तिचा संबंध नव्हता. दोन, ती सुरूच होणार होती मूळ दोन वर्षांची वॉरंटी संपल्यावर. आणि तिसरी ओळ, अगदी बारीक टाइपात: भाडेतत्त्वावर किंवा प्रवासी वाहतुकीसाठी वापर असल्यास लागू नाही. बिलावर 'पर्यटक प्रवासी बोट' असं त्यांच्याच माणसाने लिहिलं होतं! म्हणजे ज्याला विकली त्याला ती कधी उपयोगी पडणारच नव्हती.

राहिली बोटीची मूळ वॉरंटी. ती होती. पण बोट कारखान्यापर्यंत न्यायची जबाबदारी मालकाची, ट्रकचा खर्च मालकाचा, आणि नंबर लागणार जानेवारीत. मामाने काय केलं असेल? जे कुणीही केलं असतं तेच. गावातल्या फायबरचं काम करणाऱ्याला बोलावलं, फळी कापली, भिजलेलं प्लायवूड काढलं, सुकवलं, नवीन घातलं. अकरा दिवस गेले. नाताळ गेला. आणि वर कंपनीने कळवलं की तुम्ही बाहेरच्या माणसाकडून बोट कापलीत, सबब वॉरंटी रद्द.

आता माझं मत. एक्स्टेंडेड वॉरंटी बहुतेक वेळा घेऊ नका.

हा माझा राग बोलतोय असं वाटेल, म्हणून कारण सांगते. तुमच्यातले इंजिनीअरिंगवाले 'बाथटब कर्व्ह' शिकले असतील. बऱ्याच यंत्रांच्या बिघाडांचा आलेख आंघोळीच्या टबसारखा दिसतो. सुरुवातीला उंच, कारण बनवतानाच्या चुका लगेच बाहेर पडतात. मग लांबलचक सपाट तळ. आणि शेवटी पुन्हा चढ, कारण वस्तू झिजते. सुरुवातीच्या चुका मूळ वॉरंटीत येतात. शेवटची झीज बहुतेक वॉरंट्यांमध्ये वगळलेली असते. बोटीच्या बाबतीत खाऱ्या पाण्याने चढलेला गंज, रबरी भाग, इंपेलर हे सहसा त्याच 'वगळलेल्या' यादीत सापडतात. म्हणजे एक्स्टेंडेड वॉरंटी आपल्याला जे विकते तो मुख्यतः टबचा तळ असतो. जिथे फारसं काही बिघडतच नाही, त्या वर्षांचे पैसे. त्यात दुकानाचं कमिशन, कंपनीचा नफा, कॉल सेंटरचा खर्च बसतो. सगळ्यांचं भागतं म्हणूनच ती एवढ्या प्रेमाने विकली जाते.

अपवाद आहेत. दुरुस्तीचा एकच फटका तुम्हाला पार झोपवणार असेल, कागदात नेमका तोच महागडा भाग आणि त्याची मजुरी धरलेली असेल, आणि दुरुस्त करणारा माणूस तुमच्या गावापासून तासाभरावर असेल, तर घ्या. इलेक्ट्रॉनिक्सने भरलेलं मोठं इंजिन हौसेसाठी वापरणाऱ्या माणसाला ती कदाचित परवडेलही. आणि फोनची स्क्रीन फुटली तर भरपाई देणारा प्लॅन ही वेगळी गोष्ट आहे, तो अपघाताचा विमा झाला. दोन्ही एकाच काउंटरवर एकाच सुरात विकतात म्हणून आपली गल्लत होते. तुम्ही फोन दर महिन्याला पाडणाऱ्यांतले असाल तर तो घ्या, मी काही म्हणणार नाही.

पण मला ते १८ हजार परत मिळाले तर मी काय करीन सांगू? बोट ताब्यात घ्यायच्या आधी एखाद्या स्वतंत्र सर्व्हेअरला किंवा त्या नाणंवाल्या आजोबांना घेऊन जाईन. सर्व्हेअरकडे ओलावा मोजायचं मीटर असतं, आजोबांकडे कान आहेत. पाण्यात दोन तास चालवून बघायला लावीन, परत आल्यावर तळाची झाकणं उघडून टॉर्च मारीन. आणि दोष दुरुस्त होईपर्यंत शेवटचा हप्ता देणार नाही, हे आधीच लेखी ठरवून घेईन. पैसे अडकलेले असले की विक्रेता फोन उचलतो. एकदा पूर्ण पैसे दिले की तुम्ही 'काका' उरत नाही, 'कंप्लेंट नंबर' होता.

आणखी एक चूक मला फार उशिरा कळली. आपल्याला वाटतं की वॉरंटी नाही म्हणजे हक्क नाही. असं नाहीये. माल ज्या कामासाठी घेतला त्या कामाचा असावा, ही अपेक्षा आपल्याकडच्या १९३० च्या माल विक्री कायद्यातही आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष मालाबद्दल तक्रार करायला दोन वर्षं देतो, आणि आता तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विक्रेत्याच्या शहरात खेटे घालायला नकोत. मामासारख्यांना हमखास सांगितलं जातं की तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात व्यापारी हेतूची धरत नाहीत. १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की स्वतः चालवायला रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच असतो, मदतीला एखाद-दुसरा माणूस ठेवला तरी. मग स्वतः बोट चालवणारा मामा वेगळा कसा? पाच ते दहा लाखांच्या खरेदीवरच्या तक्रारीची फी २०० रुपये आहे, पाच लाखांपर्यंत तर काहीच नाही. तुमचा लॅपटॉप त्यातच आला. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, काही वेळा तेवढ्यानेही काम होतं.

फक्त एक करा, जे आम्ही केलं नाही. काहीही उघडण्याआधी, कापण्याआधी फोटो, व्हिडिओ आणि लेखी ईमेल. 'अमुक तारखेपर्यंत माणूस पाठवा, नाहीतर आम्ही दुरुस्त करून घेतोय' असं स्पष्ट लिहून. मी रीळ काढली होती ती चकाकत्या बोटीची. तपकिरी पाण्याचे फक्त दोन फोटो निघाले, तेही मामीच्या फोनमध्ये, नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोंच्या मधे. कापून काढलेलं प्लायवूड मामाने चुलीत घालायला ठेवलं होतं. ते नशिबाने वाचलं. तक्रार केल्यावर पहिल्यांदा त्याचीच विचारणा झाली.

तक्रार मार्चमध्ये ऑनलाइन दाखल केली. त्यात १८ हजारांचाही मुद्दा टाकलाय, कारण लागूच होणार नाही अशी वॉरंटी माहीत असून विकणं याला कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात. निकाल काय लागेल माहीत नाही. समोरच्यांनी दोनदा तारीख मागून घेतली आहे.

हे लिहीत असताना जुलै चालू आहे. बोट माडांखाली उलटी घालून झापांनी झाकली आहे. नवीन फळीवर मी नाणं वाजवून पाहिलं, सगळीकडे 'टक' येतो. वॉरंटीचा तो गुळगुळीत कागद मामीने वीजबिलांच्या पिशवीत ठेवलाय. त्याची मुदत सुरू व्हायला अजून सोळा महिने आहेत.