२.५ गिगाबिट पोर्टचा राउटर घेतला की घरचं नेट वेगवान होतं का?

नवा राउटर घ्यायला गेलात की दुकानदार हल्ली २.५ गिगाबिट पोर्टचं मॉडेल पुढे करतो. पण तुमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा असेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

घरी मिळणारा वेग प्लॅन, पोर्ट, केबल आणि वाय-फाय यांपैकी जे सर्वांत संथ असेल, त्यावर ठरतो. साधा गिगाबिट पोर्टही प्रत्यक्षात सुमारे ९४० एमबीपीएस देतो, म्हणजे तुमच्या गरजेच्या तिप्पट.

अडचण असते ती जुन्या पोर्टची. अनेक स्वस्त राउटर आणि स्मार्ट टीव्हींना १०० एमबीपीएसचाच पोर्ट असतो. तिथे ३०० चे पैसे भरूनही ९५ च्या आसपासच वेग मिळतो. केबलचंही तसंच. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. त्यामुळे एखादी तार सैल झाली, तर वेग गुपचूप १०० वर येऊ शकतो.

म्हणून खरेदीआधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा. आकडा ९५ जवळ अडकला, तर पोर्ट आणि केबल तपासा. केबलवर पूर्ण वेग, पण मोबाइलवर कमी मिळत असेल, तर दोष वाय-फायचा. आधी राउटरची जागा बदलून पाहा.

प्लॅन १ जीबीपीएसपेक्षा मोठा असेल किंवा घरातल्या दोन कम्प्युटरमध्ये सतत मोठ्या फाइल हलवायच्या असतील, तरच २.५ गिगाबिट घ्या. तेही दोन्ही टोकांना तसा पोर्ट असेल, तरच.